निपाणी : गाव कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात

निपाणीची पोरं कॉलेज शिकायला दुसऱ्या राज्यात जातात. चालत जातात, सायकलवर जातात, आता गाडीवर जातात.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो. पण खरं आहे. निपाणी शहर बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात. शहराला लागूनच असलेलं अर्जुननगर कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथं देवचंद कॉलेज. विद्यापीठ कोल्हापूरचं शिवाजी. मुलाचं रेशनकार्ड कन्नडमध्ये, मार्कलिस्ट महाराष्ट्राची. नोकरीचा अर्ज भरताना 'राज्य' या रकान्यात काय लिहायचं, एवढ्याशा प्रश्नावर आमच्याकडं पिढ्या अडकल्यात.

मी गेली वीसेक वर्षं या भागात बातमीदारी करतोय. डिप्लोमा करताना सीमाप्रश्न दोन तासांत शिकवला होता. एक नकाशा, तीन तारखा, संपलं. दरवर्षी १ नोव्हेंबरचा काळा दिवस आणि १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आला की टीव्हीवाले येतात, बेळगावात दोन बाइट घेतात आणि जातात. निपाणीत कुणी थांबत नाही. म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी जुनं थोडक्यात.

निपाणी हे काही आडबाजूचं खेडं नव्हतं. पेशवाईच्या उत्तरार्धात इथले देसाई सिधोजीराव निंबाळकर, ज्यांना लोक अप्पा देसाई निपाणकर म्हणत, हे दक्षिणेतलं मोठं प्रस्थ होतं. सरलष्कर ही पदवी, स्वतःची फौज, गढी. कोल्हापूरकरांशी त्यांचं कायमचं वाकडं. चिकोडी आणि मनोळी हे दोन तालुके कुणाचे, यावर निपाणी आणि कोल्हापूर वर्षानुवर्षं भांडले. म्हणजे हा मुलूख कुणाचा हा वाद आमच्याकडं भाषावार प्रांतरचनेनं आणलेला नाही, तो दीडशे वर्षं आधीपासून आहे. फक्त तेव्हा भाषेवरून नव्हता, महसुलावरून होता. अप्पा देसाई पेशव्यांच्या शेवटच्या लढाईत मनापासून उतरले नाहीत, त्यामुळं इंग्रजांनी त्यांचं बरंचसं त्यांच्याकडंच ठेवलं. पण औरस वारस नाही म्हटल्यावर १८३९ च्या सुमाराला तेही खालसा झालं आणि निपाणी मुंबई इलाख्यात, बेळगाव जिल्ह्यात गेली. पुढची शंभरावर वर्षं ती तिथंच राहिली.

या काळातली एक गोष्ट निपाणीकरांनी छाती फुगवून सांगावी अशी आहे, आणि नेमकी तीच फार कमी लोक सांगतात. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीत भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच्या पाच वर्षं आधी, मार्च १९२० मध्ये, इथून जवळच कागल जहागिरीतल्या माणगावला शाहू महाराजांच्या उपस्थितीत परिषद झाली होती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे महाडच्या दोन वर्षं आधी बाबासाहेब निपाणीत येऊन सभा घेऊन गेले होते. बाबासाहेबांचे सहकारी बळवंतराव वराळे यांचं नावही याच गावाशी जोडलेलं. पुढं धारवाडच्या वसतिगृहाचं काम त्यांनी सांभाळलं. तेव्हा निपाणी-धारवाड-मुंबई ही एकच रेघ होती. मधे कुठं नाका नव्हता.

नाका आला १ नोव्हेंबर १९५६ ला.

राज्य पुनर्रचना झाली तेव्हा मुंबई राज्याचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सगळा नाही. चंदगड तालुका तेवढा वगळला. चंदगड वगळता येतो तर निपाणी का नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून इथल्या प्रत्येक घरात विचारला जातोय आणि त्याला आजवर कुणी नीट उत्तर दिलेलं नाही. जिल्हा हा घटक धरला तर चंदगड फोडायला नको होतं. तालुका धरला तर निपाणी चिकोडी तालुक्यात, आणि चिकोडीचा पूर्वेकडचा भाग कन्नड, म्हणून सगळा तालुका तिकडं. खेडं घटक धरलं असतं तर उत्तर सरळ होतं. आंध्र आणि मद्रासच्या वादात पाटसकरांनी तेच केलं होतं: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता. तिथं चाललं, इथं चाललं नाही.

त्याआधीच, १७ जानेवारी १९५६ ला, या निर्णयाविरोधात लोक रस्त्यावर आले होते आणि गोळीबार झाला होता. हुतात्म्यांची यादी वाचताना बेळगावच्या नावांनंतर निपाणीचं एक नाव येतं, कमळाबाई मोहिते. यादीतली ती एकटी बाई. हुतात्मा दिनाला हार घालून होतात, घोषणा होतात. पण त्या कोण होत्या, त्यांच्या घरी मागं कोण राहिलं, याबद्दल भाषणात एक वाक्य येत नाही. इतक्या वर्षांत मी तरी ऐकलं नाही.

आता खरी गोम. ती महाराष्ट्रातल्या भल्याभल्या सीमाप्रेमींना माहीत नसते.

१९६६ मध्ये सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्रानं महाजन आयोग नेमला. १९६७ मध्ये अहवाल आला. बेळगाव कर्नाटकात (तेव्हा म्हैसूर) ठेवावं असं आयोगानं सांगितलं आणि महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच अहवालात सुमारे २६४ खेडी आणि त्यांच्याबरोबर निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावीत, अशी शिफारस होती. उलट महाराष्ट्रातली जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली २४७ गावं तिकडं जायची होती. म्हणजे ज्या अहवालाच्या नावानं आपण पन्नास-पंचावन्न वर्षं शंख करतोय, त्या अहवालानं निपाणी आपल्याला दिली होती!

महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला तो बेळगावसाठी. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. बेळगाव सोडून निपाणी घेतली असती तर बेळगावकरांनी काय म्हटलं असतं? आणि जतवाल्यांनी? पण हिशेब तरी मांडा. कर्नाटक म्हणतं महाजन अहवाल अंतिम. महाराष्ट्र म्हणतं अहवाल अमान्य. कर्नाटक तो अंतिम मानत असेल तर त्याच अहवालानुसार निपाणी द्यायला हवी. महाराष्ट्राला निपाणी हवी असेल तर ती फक्त त्या अहवालात मिळते जो त्याला नको. दोन्ही सरकारं आपापल्या भूमिकेवर ठाम राहिली की निपाणी जिथल्या तिथं. दोघांच्याही स्वाभिमानाची किंमत एका तिसऱ्याच गावानं मोजली. २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा टाकला. ८६५ गावांचा. निपाणी त्यात आहे. तारखा पडतात.

एवढं वाचून कुणाला वाटेल निपाणी म्हणजे कायम भाषेच्या भांडणात पेटलेलं गाव. तसं अजिबात नाही. या गावाचा स्वभाव भाषेनं घडवला नाही, तंबाखूनं घडवला.

विडीची तंबाखू. गुजराती व्यापारी इथं आले, वखारी टाकल्या, पिढ्यानपिढ्या राहिले, अस्सल कोल्हापुरी मराठी बोलायला लागले. ज्यांच्या नावानं ते कॉलेज आहे ते देवचंद शहाही त्यातलेच. आसपासच्या पन्नास-साठ खेड्यांतला शेतकरी तंबाखू पिकवायचा आणि निपाणीत आणायचा. भाव व्यापारी सांगेल तो. पैसे व्यापारी देईल तेव्हा. मधे घट, सूट, ओल, माती, काय काय कापलं जायचं. कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार. त्यात १९७९ पर्यंत कच्च्या तंबाखूवर केंद्राची एक्साइज होती. साठवायची तर परवाने, नोंदी. शेतकऱ्यानं भाव येईपर्यंत माल घरी ठेवायचा म्हटलं तरी अवघड. ही एक्साइज उठली तशी लोकांना थोडा श्वास आला. पण भाव पाडणारे तेच होते.

१९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं निपाणीत आंदोलन उभं केलं. पुणे-बंगलोर महामार्गावर हजारो शेतकरी बैलगाड्या घेऊन, कुटुंबं घेऊन येऊन बसले. तिथंच राहिले. तिथंच चुली पेटल्या. त्या जागेला आंदोलननगर म्हणायचे. मागणी साधी, तंबाखूला किलोला किमान दहा रुपये. तीन आठवडे देशातला एक मोठा हमरस्ता बंद होता. जरा कल्पना करा. आज दोन तास टोलनाक्यावर थांबावं लागलं तर आपण फेसबुकवर लाईव्ह येतो.

या आंदोलनाचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे की त्यात कुणी कुणाला भाषा विचारली नाही. पश्चिमेकडच्या गावांतला मराठी शेतकरी आणि पूर्वेकडचा कन्नड शेतकरी एकाच गाडीखाली झोपले. सीमाप्रश्न ऐन भरात असताना. दोघांचीही चिठ्ठी त्याच वखारीतली होती ना! आणि त्यांना पाठिंबा द्यायला आल्या त्या वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायका. याचा अर्थ नीट समजून घ्या. शेतकऱ्याला भाव वाढवून दिला तर मालक तो मजुरीतून कापेल, ही भीती त्या बायकांना होती. तरी त्या आल्या.

६ एप्रिल १९८१. पोलिसांनी रस्ता मोकळा करायला लाठ्या, अश्रुधूर, मग गोळ्या चालवल्या. बारा शेतकरी गेले. कर्नाटकात तेव्हा गुंडुराव मुख्यमंत्री. वर्षभर आधीच, जुलै १९८० मध्ये, नरगुंद-नवलगुंदला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला होता, त्याच सरकारच्या काळात. तिकडचे शेतकरी कन्नड. म्हणजे गोळी मराठी-कन्नड बघून चालत नाही, हे निपाणीच्या आधी नरगुंदला कळलं होतं. महाराष्ट्रात आजही कुणी कुणी निपाणीचा ८१ चा गोळीबार सीमालढ्यातला म्हणून सांगतं. तो नव्हता. तो भावासाठीचा होता. त्या माणसांचं मरण दुसऱ्याच खात्यात जमा करू नका, एवढंच माझं म्हणणं.

बायकांची लढाई त्याच्याही आधी सुरू झाली होती. वखारीत तंबाखू चाळणं, कांडणं, काड्या निवडणं, हे सगळं काम बायकांचं. नाकातोंडाला पदर बांधून दहा-बारा तास. धुळीनं घसा कायमचा गेलेला. त्यात देवदासी म्हणून सोडलेल्या बायका पुष्कळ होत्या, सौंदत्तीच्या यल्लम्माचा हा पट्टा. मालकाच्या माणसानं काहीही बोलावं, कुठंही हात लावावा. देवचंद कॉलेजात शिकवणारे प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांची संघटना बांधली. जोशी सर पुढं निपाणीचे आमदारही झाले. दीपा धनराज आणि युगांतर गटानं १९८२ मध्ये या बायकांवर 'तंबाकू चाकीला ऊब आली' नावाची छोटी फिल्म केली. त्या बायका स्वतःच्या तोंडानं स्वतःची गोष्ट सांगतात. निपाणीची बोली जगात कुठं जपून ठेवली असेल तर ती त्या फिल्ममध्ये. जगभरच्या महोत्सवांत ती दाखवतात. निपाणीत तिचा जाहीर खेळ झालेला माझ्या पाहण्यात नाही.

मी बातमीदारी सुरू केली तेव्हा या बायका साठीच्या आसपास होत्या. त्यातल्या एका मावशींना मी विचारलं होतं, संघटनेनं काय मिळालं. मला वाटलं मजुरी सांगतील, बोनस सांगतील. त्या म्हणाल्या, "मुकादम पयलं 'ए' म्हणायचा. मग नावानं हाक मारायला लागला." पगाराचा आकडा त्यांच्या लक्षात नव्हता.

आज वखारी बऱ्याच बंद आहेत. काहींची गोदामं झाली, काहींच्या जागी मंगल कार्यालयं. वेदगंगा आणि दूधगंगा या दोन्ही नद्या महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतून येतात. धरणं झाली, उपसा सिंचन झालं आणि तंबाखूच्या रानात ऊस उभा राहिला. तंबाखू कमी पाण्यावर येते, ऊस पाणी पितो. 'नि-पाणी' म्हणजे जिथं पाणी नाही ते गाव, अशी जी व्युत्पत्ती लोक गमतीनं सांगतात तिच्या आसपास आता चारी बाजूंनी ऊस. हालसिद्धनाथ साखर कारखाना निपाणीचाच. ज्या हालसिद्धनाथाचं नाव कारखान्याला, त्याची कुर्ली-आप्पाचीवाडीची यात्रा आणि भाकणूक ऐकायला दोन्ही राज्यांतून लोक येतात. पाऊस, पीक, राजकारण, सगळ्याचं भविष्य नाथ सांगतो. सीमाप्रश्नाबद्दल काय म्हणाला हे विचारणारेही असतात. माझ्या माहितीत नाथ सर्वोच्च न्यायालयाइतकाच सावध बोलतो!

विडीचं कामही उतरलं. हजार विड्यांमागं जो दर ठरतो तो कागदावर एक, हातात एक. त्यातून छाट निघाली की आणखी कमी. १९६६ चा विडी कामगार कायदा आहे, १९७६ चा कल्याण निधी कायदा आहे. पण ओळखपत्र असेल तर पोरांना शिष्यवृत्ती, ओळखपत्र असेल तर दवाखाना. आणि मालक हजेरीवर नावच लावत नाही.

इथं परत भाषा येते. घोषणेतली नाही, कागदातली.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा सातबारा, आमची पहाणी. २००० च्या आसपास कर्नाटकात 'भूमी' योजनेत पहाण्या संगणकावर गेल्या. चांगली योजना, देशभर नावाजली. पण उतारा कन्नडमध्येच. आजोबांचे कागद मोडीत, बापाचे मराठीत, नातवाचे कन्नडमध्ये. तिन्ही कागद एकाच एकराचे आणि घरातल्या एकालाही तिन्ही वाचता येत नाहीत. नावात एक अक्षर चुकलं की वारसनोंदीला दोन वर्षं जातात. मोडी वाचणारा एक माणूस, कन्नड वाचणारा दुसरा, दोघांचेही पैसे वेगळे. १९५६ साली केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी हमी दिली तिच्यात आहे की जिथं अल्पसंख्य भाषिक पंधरा टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेत द्यायचे. निपाणीत मराठी माणूस पंधरा टक्क्यांच्या वर आहे का, हे सांगायला जनगणना लागत नाही. बाजारात दहा मिनिटं उभं राहा.

दुसऱ्या बाजूनं महाराष्ट्र सरकारही अधूनमधून प्रेम दाखवतं. सीमाभागातल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा, नोकऱ्यांत सवलत. २०२३ मध्ये ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली. त्यावरून कर्नाटकात आरडाओरडा झाला. योजनेसाठी दाखला लागतो. आता तो कसा मिळणार, हा प्रश्न मुंबईत बसून योजना लिहिणाऱ्याला पडला नसावा.

कोगनोळीचा नाका आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून गेला. कोरोनात तिथं आरटीपीसीआर मागायचे. कागलात भाची, निपाणीत मामा, मधे बॅरिकेड. डिसेंबर २०२२ मध्ये वाद पेटला तेव्हा तिथंच महाराष्ट्राच्या नेत्यांना अडवलं, एसट्या बंद झाल्या. पुढाऱ्यांचे फोटो आले. कोल्हापूरच्या दवाखान्यात डायलिसिसला जाणाऱ्या माणसाचा फोटो कुणी काढला नाही. मीही तेव्हा ती बातमी चार ओळींत दिली, कारण जागा पुढाऱ्यांना गेली होती.

आणि तरी रोजचं आयुष्य चालतं. डिझेल स्वस्त असेल त्या बाजूला ट्रकवाले टाकी फुल करतात. सोनं आणि लग्नाची साडी कोल्हापूरला, कोर्ट आणि तहसील इकडं. कोल्हापूर आणि बेळगावहून निघणारी मराठी दैनिकं सकाळी सहाला येतात. तवंदी घाट उतरून संकेश्वराच्या बाजूला गेलं की दुकानदार कन्नडमध्ये बोलायला लागतो आणि निपाणीकरही त्याला कन्नडमध्येच उत्तर देतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द कुणाचे यावर इथं कुणी भांडत नाही. पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं असा २०२४ चा कायदा आला. दुकानदारांनी पाट्या रंगवून घेतल्या. गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाही, हे त्यांना माहीत आहे.

पुढच्या पिढीचं मात्र वेगळं चाललंय. मराठी शाळांचे पट उतरलेत. कन्नड शाळांकडं मुलं गेली असती तर गोष्ट वेगळी. ती गेली इंग्रजीकडं. सत्तरेक वर्षं दोन भाषा भांडल्या आणि पोरं तिसरीकडं गेली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उद्या आमच्या बाजूनं लागला, तर त्याचं मराठी भाषांतर वाचणारं कुणीतरी घरात असावं, एवढी काळजी मला आहे.

एक विनंती. ज्यांच्या घरी वखारीचं हजेरी कार्ड, ८१ च्या आंदोलनाचे फोटो, कमळाबाई मोहित्यांबद्दलची काही आठवण किंवा १९२५ च्या परिषदेचा एखादा कागद असेल, त्यांनी मला कळवा. मी येऊन मोबाईलवर फोटो काढून घेईन, मूळ कागद तुमच्याकडंच राहील. मोडी असेल तरी चालेल, वाचणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. त्याचं वय ब्याऐंशी आहे, तेव्हा जरा लवकर.